गैरहजर मुलीची प्रगती

दुसरीला शिकवतो असं सांगितलं की पुण्यात समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "अरे वा. आणि पुढे काय करायचा विचार आहे?" सुरुवातीची काही वर्षं मी या प्रश्नाला मनापासून उत्तर देत असे. नंतर "तिसरी" एवढंच म्हणून मोकळा होऊ लागलो. प्रत्यक्षात तिसरी मला कधी मिळालीच नाही. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरी घ्यायला पुरुष शिक्षक सहसा तयार नसतात. मी एकदा हो म्हणालो, आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

याची मला खंत नाही. मी वाशीम जिल्ह्यातला, तालुक्याच्या गावात शिकलेला. वडील बाजारात पोती उचलायचे. घरात पुस्तक ठेवायला जागा नव्हती म्हणून वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास केला, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. अशा माणसाला लहान मुलांना वाचायला शिकवण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट मला शेवटपर्यंत थोडी नवलाचीच वाटत राहिली. सहकारी हसायचे. हसोत.

वाचायला शिकवणं हे बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही आणि शिक्षक सांगतात तितकं अवघडही नाही. मूल आधी अक्षर ओळखतं. मग काना, मात्रा, वेलांटी यांच्याशी झटापट करतं. मग शब्द येतात, सुटे सुटे, पोत्यातून काढून ठेवल्यासारखे. या टप्प्यावर पुष्कळ मुलं पानंच्या पानं म्हणून दाखवतात. पालक खूश होतात, पण ते वाचन नसतं. वाचन आलं हे ओळखायची माझी खूण एकच. गमतीचं वाक्य द्यायचं आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं. वाक्याच्या शेवटी ते हसलं, तर त्याला वाचता आलं. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येक मुलाला जवळ बसवून मी त्याचं वाचन ऐकत असे. वर्गात बेचाळीस मुलं. म्हणजे रोज सात-आठ. बाकीची तोपर्यंत काय करतात हे विचारू नये.

बिबवेवाडीच्या ज्या शाळेत माझी शेवटची वर्षं गेली तिथली मुलं कामासाठी पुण्यात आलेल्या लोकांची. गवंडी, रिक्षावाले, पोळ्या लाटणाऱ्या, सोसायट्यांचे वॉचमन. ही मुलं हुशारीत कमी नसतात, हजेरीत असतात. गावाला लग्न निघालं की आठ दिवस नाहीत. बापाचं काम दुसऱ्या साइटवर गेलं की दोन महिने नाहीत. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि मूल खिडकीतून बाहेर बघायला लागतं.

त्यावर मी एक उपाय काढला होता, जोडीदाराचा. शेजारी बसणारी दोन मुलं एकमेकांची जोडीदार. एक गैरहजर असेल तर दुसऱ्याने त्या दिवसाचे पाच शब्द त्याच्या वहीत लिहून ठेवायचे. त्यासाठी वह्या शाळेतच असत. नियम एवढाच की आधी जोडीदाराची वही, मग आपली. उलटं ठेवलं तर मुलं आपलं आटोपून खेळायला पळतात. हा उपाय चांगला चालला. एका प्रशिक्षणात मला तो उभं राहून सांगायला लावला होता, आणि टाळ्याही पडल्या होत्या. ही गोष्ट अभिमानाने सांगत नाही. पुढे जे झालं ते या नियमामुळे झालं.

मग टॅब आले. एका संस्थेने दिले. वर्गात एक मोठा टीव्ही आणि गटागटासाठी टॅब. त्यात अक्षरांचे, शब्दांचे, गोष्टींचे धडे. मूल बरोबर उत्तर देईल तसा स्तर वाढत जाणार आणि शिक्षकाला कळणार कोण कुठे आहे. दुसरीतल्या मुलाला स्वतःचं नाव टॅबवर शोधता येईलच असं नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं. मोर, शिडी, छत्री, भोपळा. मुलाने आपल्या चित्रावर बोट ठेवायचं की त्याचा धडा सुरू.

सांगायला हवं की मला टॅब आवडले. माझ्या वयाचे शिक्षक टॅबला नावं ठेवतात तसा मी नव्हतो. मुलं धडा सोडवताना वाकून बसायची, टॅब "शाब्बास!" म्हणाला की मान वर करून बघायची, ऐकलं का म्हणून. टॅबमधल्या बाईंचा आवाज गोड होता आणि त्या कधी चिडत नसत. एकदा कपाटात एक टॅब चालूच राहिला. शाळा भरायच्या आधी झाडायला आलेल्या मावशींनी कपाटातून "चला, पुन्हा प्रयत्न करू या" असं ऐकलं आणि त्या झाडू टाकून मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "बाई, आत कोणतरी मॅडम कोंडल्यात," म्हणाल्या.

मुख्याध्यापिका सोहोनी मॅडम कसबा पेठेतल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असू द्या. कपाटात राहून वेळेवर येतात. बाकीच्यांचं तसं नाही." त्या दिवशी मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. स्वारगेटला बस बदलावी लागायची.

टॅब आल्यावर मी एक गोष्ट थांबवली. मुलांना जवळ बसवून वाचन ऐकणं. मुद्दाम नाही. कोण कुठल्या स्तरावर आहे ते अहवालात दिसत होतंच. रंगही दिलेले. गोष्ट वाचणारे हिरवे, शब्द वाचणारे पिवळे, अक्षरांत अडकलेले लाल. त्या रंगांवरून मी तीन गट केले आणि लाल गटाला मागच्या भिंतीजवळ बसवून त्यांची अक्षरं पक्की करून घेऊ लागलो.

त्या लाल गटात नंदिनी होती. बारीक, कमी बोलणारी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. तिचं चित्र छत्री. छत्री दिवाळीपासून एका जागी उभी होती. तिची जोडीदार पायल. पायलच्या आईचं बाळंतपण होतं, म्हणून दिवाळीनंतर आई पायलला घेऊन जालन्याकडे माहेरी गेली होती. पायलचं चित्र भोपळा, आणि भोपळा हिरवा होता. पायल दिवाळीआधी बरी वाचायची, तेव्हाचा स्तर तसाच राहिला असेल, असं मी धरून चाललो. भोपळा दर महिन्याला थोडा थोडा पुढे सरकत होता, हे त्याच अहवालात होतं. मी बघितलं नाही. मी लाल नावं बघत होतो, कारण पालकांना लाल नावं सांगायची होती.

पालकसभेला नंदिनीची आई आली. ती एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. मूळची करमाळ्याकडची. हातांना पीठ तसंच, डोक्यावर पदर. नंदिनी बाजूला उभी. मी अहवालाचा कागद पुढे केला.

"लाल म्हंजे काय, सर?"

"म्हणजे अजून अक्षरांतच आहे."

"दोन वर्सं झाली की साळंत येऊन."

"हो. पण तिला वाचता येत नाही अजून."

हे वाक्य मी म्हणालो. तिच्यासमोर म्हणालो. शिक्षकाच्या तोंडून दिवसाकाठी अशी पुष्कळ वाक्यं जातात.

आईने कागद उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग दिसत होता. "हे तुमी लिवलंय का मशीननं?"

"मशीनने."

"मग खरंच असंल," ती म्हणाली. तिने कागदाची घडी घातली. "माझा भाऊ कवापासनं म्हनतोय, पोरीला हिकडं दे. त्याची दोन लेकरं हायेत ल्हान. वहिनी शेतात जाती. ही सांभाळंल त्यांना. मीच म्हनत हुते, साळा हाय, साळा हाय. आता येतच न्हाय म्हनल्यावर ठिवून काय उपेग?"

"तिकडे शाळा असेल ना?"

"हाय की. दोन कोसावर."

दोन कोस चालून दोन लहान मुलं सांभाळणारी सात वर्षांची मुलगी कुठल्याही शाळेत जाणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिला विचार करायला सांगितलं. तिने विचार केला आणि तीन दिवसांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. मामा येत्या शनिवारी येणार होता, मग त्याचं काही अडलं आणि एक आठवडा पुढे गेला. तो आठवडा मिळाला नसता तर ही हकिकत इथेच संपली असती, आणि मला ती कळलीही नसती.

अर्जावर वर्गशिक्षकाचा शेरा लागतो. मी लिहिलं, 'पालक गावी स्थलांतर करीत असल्याने.' आणि खाली सही केली.

त्या वाढीव आठवड्यात, बुधवारी, पायल परत आली. केस तेल लावून चप्प बसवलेले आणि हातात गावाकडून आणलेल्या बोरांची पिशवी. पुढच्या सोमवारी टॅब देणाऱ्या संस्थेकडून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासमोर एका मुलाने गोष्ट वाचावी असं ठरलं होतं. अहवाल काढला तर भोपळा सगळ्यात वर. सोहोनी मॅडम अहवाल बघून म्हणाल्या, "आमच्या वेळी भोपळा मिळाला की घरी मार बसायचा. तुमच्याकडे तो पहिला येतो. प्रगती आहे."

मी पायलला पुढे बोलावलं. टीव्हीवर एक गोष्ट उघडली. अजून कुठल्याही गटाला न दिलेली, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्न नाही. चित्र नव्हतं. नुसत्या पाच ओळी.

पायल टीव्हीकडे बघत उभी राहिली. पहिलं अक्षर म्हणाली. दुसऱ्यापाशी थांबली.

"वाच, पायल. घाबरू नको."

ती घाबरली नव्हती. तिला ते येत नव्हतं, एवढंच. चार महिन्यांत जे होतं तेही गेलं होतं.  आणि तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून कुणीतरी फिसकन हसलं.

मला राग आला. "नंदिनी, उभी राहा. तिला येत नाही म्हणून हसतेस?"

नंदिनी उभी राहिली. "नाही सर."

"मग काय झालं हसायला?"

"सर, तो बोकड."

"कुठला बोकड?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्याने आजोबांचा चष्मा लावला ना. आणि पेपर उघडला. त्याला पहिलं पान आवडलं." ती पुन्हा हसायला लागली. "म्हणून त्याने ते खाल्लं."

मी टीव्हीकडे वळून ओळी वाचल्या. तेच होतं. शेवटची ओळ 'म्हणून त्याने ते खाल्लं' हीच होती. वर्गात एकाही मुलाने ती तोपर्यंत म्हटली नव्हती.

मी पुढची गोष्ट उघडली. नंदिनीने मागूनच वाचली. त्याच्या पुढचीही. जोडाक्षरांपाशी थोडी अडखळली आणि पुढे गेली. लाल गटातली बाकीची मुलं अक्षरांचे तक्ते मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होती.

मधल्या सुट्टीत मी दोघींना जवळ बसवलं. पायलने बोरं काढली. मी नंदिनीला विचारलं, "तुला हे कधीपासून येतं?"

तिने पिशवीतलं एक बोर उचललं.

"टॅबवर तुझी छत्री हलत का नाही मग?"

"मी पायलचं करते ना."

"पायल नव्हती."

"म्हणूनच," ती म्हणाली. मला हे कसं कळत नाही अशा नजरेने तिने पाहिलं. "आधी जोडीदाराचं, मग आपलं. मग वेळ संपायचा."

जोडीला मिळून पंधरा मिनिटं मिळत. ती पंधराही मिनिटं ती भोपळ्यावर बोट ठेवून पायलचे धडे सोडवत होती. रोज, चार महिने. शब्दांपासून गोष्टीपर्यंत ती पायलच्या चित्रावर बसून शिकली होती.

"अगं, पण एखाद दिवस तुझंही करायचं."

"ती येणार होती ना. तिचं राहिलं असतं. मी तर इथंच आहे."

पायल बोराची बी थुंकून म्हणाली, "माझं झालंय पण, सर? हिने केलंय ना सगळं?"

नंदिनी तिला म्हणाली, "हो. गोष्टीपर्यंत आणलंय."

दोघींना त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. मी नंदिनीला शेवटचा प्रश्न विचारला. "आईला मी सांगत होतो, वाचता येत नाही म्हणून. तेव्हा तू का नाही बोललीस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही म्हणालात येत नाही. मला वाटलं, मला जे येतं ते वाचणं नसेल."

मुलांच्या बोलण्याने शिक्षकाचे डोळे भरून येतात असं अशा लेखांत वाचायला मिळतं. माझं तसं झालं नाही. मला उलट वर्गात जाऊन हजेरीपट उघडावासा वाटला, आणि मी तो उघडला. दिवाळीनंतरच्या प्रत्येक दिवशी पायलच्या नावापुढे माझ्याच हाताने गैरहजर लिहिलेलं होतं. रोज सकाळी तिला गैरहजर लावायचं आणि महिन्याच्या शेवटी तिची प्रगती वरच्या कार्यालयात पाठवायची. हे मी चार महिने बिनचूक केलं होतं.

सोहोनी मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे हजेरीत नाही, अहवालात पहिली. आणि दोन्हीकडे सही तुमची."

"हो."

"बरं अक्षर आहे तुमचं. लपत नाही." मग त्यांनी नंदिनीच्या दाखल्याचा अर्ज फाइलमधून काढून माझ्यासमोर ठेवला. "पाहुण्यांचं मी बघते. हे तुम्ही बघा. शनिवारी मला यावर शिक्का मारायचाय, किंवा नाही मारायचा."

टॅबच्या संस्थेचा अद्वैत नावाचा तरुण मुलगा दर गुरुवारी यायचा. चांगला मुलगा, सतत घाईत. मी त्याला म्हणालो, छत्री आणि भोपळ्याची प्रगती बदलून दे, नंदिनीचा नवा कागद काढून दे.

"सर, मागचा डेटा एडिट नाही होत. सिंक झाला की लॉक."

"पण तो चुकीचा आहे."

"डेटा बरोबर आहे, सर. म्हणजे, उत्तरं बरोबरच आहेत ना? फक्त मूल वेगळं आहे." त्याने बॅग खांद्याला लावली. "रिमार्कमध्ये टाका एक लाइन. पुढच्या वर्षी रिसेट होईल."

पुढच्या वर्षी नंदिनी करमाळ्याच्या पलीकडे कुणाच्या तरी अंगणात बसलेली असणार होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी पोळी-भाजी केंद्रात गेलो. आत चार बायका ओळीने लाटत होत्या. नंदिनीच्या आईने मला बघून लाटणं थांबवलं नाही.

"ताई, माझी चूक झाली. नंदिनीला वाचता येतं. चांगलं येतं."

"परवा येत न्हाय म्हनलात."

"हो. ते चुकीचं होतं."

"मग दोन दिसांत शिकली व्हय?" शेजारची बाई हसली. नंदिनीची आई हसली नाही. "सर, तुमी चांगले हाय. पोरगी जाती म्हनून तुमाला वाईट वाटतंय. पन मशीनमधनं कागद आलाय, लाल. आता दुसरा कागद आलाय का?"

"तो येऊ शकत नाही. मी तोंडी सांगतो ना."

"तोंडी कोन काय बी सांगतंय," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. "उद्या दुपारच्याला भाऊ यील. गाडीत बसलाय म्हनून सकाळीच फोन करनार हाय त्यो. मी दाखला न्यायला येते."

परत येताना मला माझे वडील आठवले. मी चौथीत असताना त्यांनी मला बाजारात कामाला न्यायचं ठरवलं होतं. आमचे गुरुजी बाजारात आले, पोत्यांच्या थप्पीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "याला येतं. राहू दे." एवढंच. वडिलांनी त्यांना एक शब्द विचारला नाही. त्या काळी गुरुजींच्या तोंडी शब्दाला कागदाची गरज नव्हती. माझ्या शब्दाला होती, आणि ती मीच निर्माण केली होती. खरं काय ते मशीन सांगतं, हे त्या बाईला मीच सांगितलं होतं.

शाळेत आलो आणि पत्र लिहायला घेतलं. सोहोनी मॅडम अजून होत्या. मी त्यांना मसुदा दाखवला. 'तांत्रिक कारणास्तव विद्यार्थिनीच्या प्रगती अहवालात त्रुटी राहून गेल्याने...'

"अहो सर, हे कुणाला पाठवताय? मंत्रालयात?"

"पालकांना."

"त्यांना वाचता येत नाही ना?"

"कुणीतरी वाचून दाखवेल."

त्यांनी चष्मा काढला. "कुणीतरी कशाला? त्यांच्या घरात एक वाचणारी आहे, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

मी नवा कागद घेतला. दुसरीच्या मुलीला वाचता येईल असं लिहायला मला अर्धा तास लागला. तांत्रिक, त्रुटी, कारणास्तव हे सगळं गेलं. ते गेल्यावर काय झालं होतं तेवढंच उरलं. मॅडमनी शेवटी एकच बदल सुचवला. "'चूक झाली' नको. 'मी चूक केली' लिहा. चुका झाडावरून पडत नाहीत." मग त्यांनी खाली शाळेचा गोल शिक्का मारला, जरा जास्तच दाबून.

पाहुण्यांचं इथेच सांगून टाकतो. ते सोमवारी आले, मुलांच्या हातात टॅब देऊन फोटो काढले आणि गेले. वाचून दाखवायला कुणी कुणाला सांगितलं नाही. पायलला मी पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करून दिली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, एकदा झालेलं पुन्हा का करायचं.

शनिवारी शाळा सकाळची. साडेदहाच्या सुमारास नंदिनीची आई आली. दारातच म्हणाली, "दाखला द्या, सर."

मी नंदिनीला मागून पुढे बोलावलं आणि पत्र आईच्या हातात दिलं. "हा कागद. शाळेचा आहे, शिक्का आहे. नंदिनीने अजून पाहिलेला नाही."

आईने शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग कागद मुलीकडे दिला. "वाच."

नंदिनीने कागद दोन्ही हातांत धरला. "'नंदिनीच्या आईला नमस्कार. नंदिनीला वाचता येतं. ती पायलचा अभ्यास आधी करत होती. म्हणून तिचा कागद लाल आला. तिला वाचता येत नाही असं मी तुम्हाला सांगितलं. ते खरं नव्हतं. मी चूक केली. तिला शाळेत राहू द्या.'"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "पाठ करून घेतलं असंल."

"नाही हो, ताई."

"थांबा तुमी." तिने कागद परत घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला पंजा आडवा ठेवला. पिठाने पांढरा झालेला. वरच्या ओळी झाकल्या गेल्या. "आता खालनं वाच."

"'तिला शाळेत राहू द्या.'"

पंजा वर सरकला. "ही?"

"'म्हणून तिचा कागद लाल आला.'"

पंजा आणखी वर गेला. "ही? मधली."

"'ती पायलचा अभ्यास आधी करत होती.'"

असं पाच-सहा वेळा झालं. वर, खाली, मधेच एखाद्या शब्दावर बोट. त्या बाईला एक अक्षर येत नव्हतं, पण मूल पाठ म्हणतंय की वाचतंय हे कसं शोधायचं ते ती तिथल्या तिथे शोधून काढत होती. तीस वर्षं मी हे काम केलं होतं, आणि मागचे काही महिने केलं नव्हतं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. वर्ग गोंगाट करायचा विसरला होता.

शेवटी आईचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर आलं.

"'मी चूक केली,'" नंदिनीने वाचलं.

"मी म्हंजे कोन?"

"सर."

"परत वाच."

"'मी चूक केली.'"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती कागदाकडेच बघत होती. "अजून एक डाव," ती म्हणाली, आणि नंदिनीने ते तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने.

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. आईने तो कानाला लावला. "हां दादा, कुठं पोचलास? ... भिगवणला? मग तिथंच उतर आन् माघारी फिर. ... न्हाय, पोरगी येत न्हाय. ... का म्हंजे? साळा हाय तिची. ... आरं, त्यो कागद चुकीचा हुता. सरांनी चूक केली. ... मी न्हाय म्हनत, त्येंनीच लिवून दिलंय, शिक्का मारून. ... खोटं? थांब, वाचून दावते तुला."

आणि तिने फोन नंदिनीच्या तोंडासमोर धरला.